परक्यांच्या कबरी कोणी राखायच्या?



नोव्हेंबर महिना जवळ आला की सिमेट्रीतले गवत कापले जाते, कबरींना चुना लागतो, झेंडूचे आणि मेणबत्त्यांचे भाव वाढतात. यंदा त्याच्या जोडीला एक प्रश्नही आला आहे. आपल्यातील काही कुटुंबांनी पालकीय मंडळाकडे अर्ज दिला आहे. त्यांचे म्हणणे असे की, धर्मग्रामाने ठरावीक देणगी घ्यावी आणि आईवडिलांची कबर कायमची राखून ठेवू द्यावी. काही वर्षांनी ती उघडून तिथे दुसऱ्या कोणाला पुरू नये. अर्ज मनापासून केलेला आहे. आई गेल्यानंतर दर रविवारी मिस्सा झाल्यावर तिच्या कबरीपाशी दोन मिनिटे उभे राहणाऱ्या माणसाला ही जागा उद्या तिची राहणार नाही हे सांगणे सोपे नसते. पण आपली जागा किती आहे हेही सर्वांना ठाऊक आहे.

मंडळाची बैठक होण्यापूर्वी या प्रश्नाकडे आपण जरा दुरून पाहावे असे आम्हांला वाटते. जवळून पाहिले की आपापली आई दिसते आणि विचार थांबतो. म्हणून आज आम्ही पुण्याच्या एका दफनभूमीविषयी लिहिणार आहोत, जिथे बहुधा आपल्यापैकी कोणाचेही कोणी पुरलेले नाही.

खडकीला मुळा रस्त्यावर, होळकर पुलाजवळ, युद्धात गेलेल्या सैनिकांची एक दफनभूमी आहे. पुण्यात तत्त्वज्ञान शिकत असताना आम्ही काही विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी तिथे सायकलने जात असू. शहराच्या गडबडीत इतकी शांत बाग दुसरी नव्हती. हिरवळ, फुलझाडे, आणि त्यांत एकसारख्या दगडांच्या रांगा. दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेले १,६६८ सैनिक तिथे विसावले आहेत. ते सारेच पुण्यात मेले असे नाही. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणच्या छावण्यांत, इस्पितळांत त्यांचा अंत झाला होता. तिथल्या कबरींची कायमची निगा राखली जाईल याची खात्री नव्हती, म्हणून त्यांना एका जागी आणण्यात आले. जवळच पहिल्या महायुद्धाचे स्मारक आहे. भारतात मरण पावलेल्या आणि भारत-पाकिस्तानातील निरनिराळ्या दफनभूमींत पुरलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांची नावे त्यावर आहेत, कारण त्यांच्या मूळ कबरी आता नीट सांभाळता येत नाहीत. त्यांतल्या ६२९ जणांचे अवशेष मुंबईच्या शिवडी सिमेट्रीतून जून १९६२ मध्ये खडकीला आणून पुन्हा पुरले गेले. मुंबईत नातेवाईक असलेल्या आपल्या बऱ्याच जणांनी शिवडीची सिमेट्री पाहिलेली आहे. तिथून त्या ६२९ जणांची हाडे उचलून पुण्याला न्यायची, तीही मृत्यूला चाळीसहून अधिक वर्षे लोटल्यावर! त्या वेळी त्यांतल्या किती जणांचे आईवडील जिवंत असतील? पत्नींनीही केव्हाच दुसरा संसार थाटला असेल. मग हा खटाटोप कोणासाठी?

हा प्रश्न नवा नाही. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतील नोला या गावचे महागुरू पाउलिनुस यांनी संत ऑगस्टीन यांना पत्र लिहून जवळजवळ हेच विचारले होते. फ्लोरा नावाच्या एका विधवेची इच्छा होती की, तिच्या तरुण मुलाचे दफन संत फेलिक्स यांच्या समाधीजवळ व्हावे. तशी परवानगी मिळाली. पण अशाने मृताला खरेच काही लाभ होतो का, असे पाउलिनुस यांना वाटत राहिले. ऑगस्टीननी मृतांच्या काळजीविषयी एक छोटा ग्रंथच उत्तरादाखल लिहिला. त्यांचे उत्तर थोडे कोरडे वाटेल असे आहे. अंत्यविधीचा थाट, कबरीची जागा, दगड, या गोष्टी मृतांना मदत करण्यापेक्षा जिवंतांचे सांत्वन करतात, असे ते म्हणतात. ज्याला कबरच मिळाली नाही त्याचे देवाच्या दरबारात काही बिघडत नाही. पण तेवढ्यावर ते थांबत नाहीत. वडिलांचे वस्त्र किंवा अंगठी मुलाला प्रिय असते. मग शरीर तर वस्त्रापेक्षा कितीतरी जवळचे, त्याची हेळसांड कशी करावी, असेही ते विचारतात. त्यांच्या स्वतःच्या आईने, संत मोनिकाने, आपल्या पतीशेजारी आपली कबर तयार ठेवली होती. पण इ. स. ३८७ मध्ये रोमजवळ ओस्तिया बंदरात, घरापासून समुद्रापार, तिचे आजारपण बळावले तेव्हा तिने ती इच्छा सोडून दिली. शरीर कुठेही ठेवा, फक्त वेदीपाशी माझी आठवण करा, एवढेच तिचे मागणे होते. आपल्यापैकी किती घरांतले आजोबा कारवारला, मंगळूरला, केरळात किंवा वसईत पुरलेले आहेत आणि नातवंडे भिवंडीत मेणबत्ती लावतात! मोनिकेचे शब्द त्यांना वेगळे समजावून सांगायला नकोत.

तेव्हा मृतांना दगडाची गरज नाही, हे मान्य करू. तरीही दगड लावायचे झाले तर ते कसे लावावेत, हा प्रश्न उरतोच, आणि आमच्या मते खरा नैतिक प्रश्न तिथेच आहे.

खडकीची बाग ज्या संस्थेकडे आहे ती राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग ही संस्था. मे १९१७ मध्ये, युद्ध चालू असतानाच, ती स्थापन झाली. फेबियन वेअर नावाच्या गृहस्थांनी तिच्यासाठी जिवाचे रान केले. त्या आधी दोन वर्षे एक घटना घडली होती. इंग्लंडचे माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा नातू एप्रिल १९१५ मध्ये फ्रान्समध्ये मारला गेला. घराण्याचे वजन मोठे, म्हणून त्याचा देह उकरून मायदेशी नेण्यात आला. त्याच रणांगणावर खाणकामगारांची, शेतकऱ्यांची मुलेही पडली होती. त्यांच्या आयांना आपापल्या मुलाला घरी आणण्याचा खर्च झेपणारा नव्हता. वेअर यांनी आग्रह धरला आणि त्यानंतर कोणाचाही देह मायदेशी न्यायला बंदी झाली. पुढे आयोगाने नियम केले. प्रत्येक मृताचे नाव कोरायचे, स्मारक कायमचे असायचे, दगड एकाच मापाचे असायचे. सेनापती असो वा शिपाई, श्रीमंत असो वा गरीब, कोणत्याही वंशाचा वा धर्माचा असो, भेद करायचा नाही.

आज हे ऐकायला छान वाटते, पण त्या वेळी इंग्लंडातल्या हजारो आया चिडल्या होत्या. मुलाला घरी तर आणू देत नाहीत, आणि त्याच्या कबरीवर आमच्या पसंतीचा क्रूसही लावू देत नाहीत, हा कसला न्याय? त्यांनी राजपुत्राकडे हजारो सह्यांचा अर्ज पाठवला. मे १९२० मध्ये ब्रिटिश संसदेत यावर वादळी चर्चा झाली. आयोग आपल्या नियमावर ठाम राहिला. आम्हांला त्या आयांची बाजू कळते. सरकारने मुलगा मागितला, तो दिला. आता त्याच्या मातीवरही सरकारचाच हक्क? तरीदेखील विचार करता आयोगाचे बरोबर होते असे आम्ही म्हणू. एका आईला परवानगी दिली असती तर ती तिच्या प्रेमाच्या मापाने मिळाली नसती, पैशाच्या मापाने मिळाली असती. दगड लहानमोठे झाले असते, आणि पुढे येणाऱ्या लेकरांनी त्यावरून ठरवले असते की कोण थोर होता आणि कोण सामान्य.

पण एवढा सुंदर नियम करणाऱ्यांनीच तो पाळला नाही. ही गोष्ट आपल्या मुलखाशी जोडलेली आहे.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढायला गेलेल्या सैन्यात सहावी डिव्हिजन होती. तिचे नावच ‘पूना डिव्हिजन’. तिच्यात मराठ्यांच्या पलटणी होत्या. कुत या गावात तुर्कांनी तिला वेढा घातला. १४७ दिवस उपासमार सोसल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. सुमारे १३,००० माणसे कैद झाली. वाळवंटातून पायी चालवत नेताना आणि पुढे कैदेत त्यांतले कितीतरी दगावले. त्या सर्व मोहिमेत मेलेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक उभारले गेले. १९२९ मध्ये त्याचे अनावरण झाले. त्यावर ४०,००० हून अधिक मृतांची नोंद आहे. गोऱ्या सैनिकांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांचे काय? पलटणीचे नाव आणि पुढे आकडा. या पलटणीचे इतके, त्या पलटणीचे इतके. रत्नागिरीचा, साताऱ्याचा, कुलाब्याचा जो कोणी तिथे तहानेने मेला तो त्या आकड्यात मिसळून गेला.

गावागावांतही तेच झाले. महायुद्धात जास्त माणसे पाठवणाऱ्या गावांत इंग्रज सरकारने संगमरवरी पाट्या बसवल्या. कोकणात, साताऱ्याकडे त्या अजून दिसतात. या गावातून इतके पुरुष महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक आजही ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. त्या एका गावाचे ४६ जण त्या युद्धात गेले. पाटी आकडा सांगते. नावे माहीत होती ती गावातल्या बायकांना, आणि त्यांच्याबरोबर ती बरीचशी गेली.

आफ्रिकेत याहून वाईट घडले. गोल्ड कोस्टचे, म्हणजे आजच्या घानाचे, गव्हर्नर गगिसबर्ग यांचे मत होते की, तिथल्या सामान्य माणसाला कबरीवरच्या दगडाचे महत्त्व कळणार नाही. कळणार नाही म्हणून लावायचा नाही! ज्याच्या मुलाचे प्राण मागताना तो पुरेसा शहाणा होता, तो मुलाचे नाव मागताना अडाणी ठरला. शंभर वर्षांनी हे सारे बाहेर आले. आयोगाने नेमलेल्या समितीचा अहवाल एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात म्हटले आहे की, ४५,००० ते ५४,००० मृतांचे, मुख्यतः भारतीय आणि आफ्रिकी सैनिकांचे, स्मरण असमान रीतीने झाले. आणखी किमान १,१६,००० जणांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावे कुठेच कोरली गेली नाहीत. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. तेव्हापासून जुनी कागदपत्रे, पगारपत्रके चाळून ती नावे शोधण्याचे काम सुरू आहे.

अशा मोठ्या दफनभूमींत एक स्मरणशिळा असते. तिच्यावरचे वचन रुडयार्ड किपलिंग यांनी निवडले. हे लेखक आपल्या मुंबईत जन्मलेले. त्यांचा एकुलता एक मुलगा १९१५ च्या लढाईत बेपत्ता झाला आणि त्यांच्या हयातीत त्याचा देह सापडला नाही. वचन घेतले बेनसिराच्या ग्रंथाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायातून, चौदावे. पूर्वजांचे नाव पिढ्यान्‌पिढ्या टिकेल अशा अर्थाचे. हा ग्रंथ आपल्या कॅथलिक बायबलमध्ये आहे. ज्यांच्या घरी तो आहे त्यांनी तो अध्याय काढून पाच वचने मागे जावे. नवव्या वचनात ज्यांची काहीच आठवण उरली नाही, जे जणू जन्मलेच नव्हते असे नाहीसे झाले, त्यांचा उल्लेख आहे. किपलिंग यांनी निवडलेले वचन दगडावर गेले. नववे वचन पुस्तकातच राहिले.

यावरून आम्हांला असे वाटते की, स्मारकाचा जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थ आपण फार तोकडा घेतो. फरशी बदलली, रंग दिला, कारंजे चालू केले, पुढाऱ्यांच्या हस्ते फीत कापली, की झाला जीर्णोद्धार. निगा राखायलाच हवी, तिला आम्ही कमी लेखत नाही. खडकीच्या माळ्याचे काम पाहण्यासारखे असते. अशा बागांत कबरीच्या दगडापुढे बुटकी फुलझाडे लावतात. त्यामुळे पावसात मातीचे शिंतोडे दगडावर उडत नाहीत, आणि झाड वाढून नाव झाकत नाही. झिजलेली अक्षरे पुन्हा कोरतात. खर्च सदस्य देश आपापल्या सैनिकांच्या कबरींच्या प्रमाणात उचलतात. सुमारे एक टक्का वाटा भारत सरकारही देते. उद्घाटन एका दिवसाचे असते, गवत मात्र दर आठवड्याला वाढते. पुण्याच्या कॅम्पजवळ १५ ऑगस्ट १९९८ रोजी खुले झालेले सदर्न कमांडचे युद्धस्मारक नागरिकांनी वर्गणी काढून उभारले आहे. तिथे मुले मिग विमान पाहायला जातात. लोकांनी आपल्या खिशातून पैसे दिले ही गोष्ट आम्हांला त्या विमानापेक्षा मोठी वाटते. पण दगड जपणे वेगळे आणि दगड खरे बोलतो की नाही हे पाहणे वेगळे. बसऱ्याच्या भिंतीला कितीही पॉलिश केले असते तरी तिच्यातले खोटेपण गेले नसते. खडकीतही पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेच्या जवळजवळ २०० सैनिकांची नावे आहेत. कुठल्या तरी जंगलातल्या गावातून निघालेले हे लोक भारतात येऊन मेले. त्यांच्या नावांपुढे थांबणारे पाहुणे थोडे. आम्ही विद्यार्थी असतानाही तिथे फारसे थांबलेले आठवत नाही. आम्हांला सावली हवी असायची.

कोणी विचारील, आणि हा प्रश्न रास्त आहे, की फादर, ते गोऱ्यांचे सैन्य. ज्यांनी आपल्यावर राज्य केले त्यांच्या कबरी आपण का जपायच्या? आमच्याकडे याला दोन उत्तरे आहेत. पहिले माणगावचे आहे. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे मराठा पलटणीतून इटलीत लढले. १० जुलै १९४४ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, मशिनगनच्या माऱ्यात साथीदार पडल्यावर ते एकटे पुढे धावले, तोफखणी शांत केली आणि मग नेमबाजांच्या गोळ्यांनी तिथेच पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. पण आम्ही सांगतो ती गोष्ट इटलीतली आहे. तिथल्या मोंतोने या लहानशा डोंगरी गावात जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावाने एक स्मारक उभे राहिले. ते स्मारक म्हणजे सूर्याच्या सावलीवर वेळ दाखवणारे घड्याळ आहे, आणि त्यावर लॅटिनमध्ये लिहिले आहे की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. घाडगे त्या गावचे कोणी नव्हते. त्यांची भाषा तिथे कोणाला येत नव्हती. ऐंशी वर्षांनी तिथल्या लोकांना ते आठवले. मोंतोनेने घाडग्यांसाठी जे केले ते आपण खडकीतल्या एखाद्या इंग्रज किंवा नायजेरियन पोरासाठी करायला हरकत का असावी? राज्य करायचे ठरवणारे वेगळे होते. तापाने फणफणून छावणीत मेलेला बावीस वर्षांचा मुलगा वेगळा.

दुसरे उत्तर पवित्र शास्त्रातले आहे, शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायातले. शौल राजाच्या घराण्यातल्या सात जणांना फाशी दिले गेले. त्यांतले दोघे रिस्पा नावाच्या बाईचे मुलगे होते. तिने खडकावर तरट अंथरले आणि हंगामाच्या सुरुवातीपासून पाऊस पडेपर्यंत ती तिथे बसून राहिली. दिवसा पाखरांना हाकलले, रात्री जनावरांना. मरणारे सात होते आणि तिचे दोनच, पण तिने फक्त आपल्या दोघांचीच राखण केली असे शास्त्र सांगत नाही. तिची बातमी दावीद राजाच्या कानावर गेली. तेव्हा त्याने त्या सर्वांची हाडे गोळा करविली. एका बाईने काही न बोलता राजाला त्याचे कर्तव्य दाखवले. स्मारकांची सुरुवात नेहमी सरकारी ठरावाने होते असे नाही.

मुंबईला मस्जिद बंदरच्या खलाशीगृहात असेच एक स्मारक आहे; ते बागेत नाही, इमारतीच्या आत आहे. पहिल्या महायुद्धात बुडालेल्या २,००० हून अधिक खलाशांची नावे तिथे आहेत. समुद्राशिवाय त्यांना दुसरी कबर नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे ६,५०० खलाशांची नावे एका स्मरणग्रंथात लिहिलेली आहेत. त्याची एक प्रत मुंबईत, दुसरी चितगावला. त्या काळी मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर डेकवर कोकणी मुसलमान असत आणि स्वयंपाकघरात, जेवणघरात गोव्याचे ख्रिस्ती. पाणबुडीचा टॉर्पेडो लागला तेव्हा ते एकाच पाण्यात गेले. आपल्या भिवंडीत कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे, आणि आपल्या मिस्साला गोव्याकडची काही कुटुंबे येतात. म्हणून हे स्मारक आपल्याला परके वाटू नये.

भिवंडीचे नाव आलेच आहे, तर आणखी एक बोलू. दूरच्या शत्रूशी झालेल्या युद्धाचे स्मारक उभारणे त्या मानाने सोपे असते. शेजाऱ्याशेजाऱ्यांत जे घडले त्याचे काय? मे १९७० मध्ये आणि पुन्हा मे १९८४ मध्ये या गावाने जे पाहिले ते इथल्या जुन्या लोकांना सांगावे लागत नाही. १९७० च्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली. कागदोपत्री नोंद तेवढी आहे. मृत मात्र आपापल्या कबरस्तानात आणि स्मशानात विभागले गेले. त्यांची नावे एका जागी लिहिण्याचा विचार केला तरी भीती वाटते, आणि ती भीती अगदीच खोटी नाही. यादी वाचताना लोक आधी धर्म मोजतील. जपानमध्ये हिरोशिमाच्या शांतिउद्यानातही असेच झाले होते. अणुबॉम्बने मेलेल्या कोरियन लोकांचे स्मारक १९७० मध्ये उभे राहिले ते उद्यानाच्या बाहेर, नदीच्या पलीकडे. ते आत यायला १९९९ साल उजाडले. सर्वांच्या शांतीसाठी म्हणून केलेल्या बागेत शेजाऱ्याच्या मृतांना जागा मिळायला एकोणतीस वर्षे लागली! म्हणून भिवंडीला आम्ही घाई करायला सांगत नाही. इथे १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. यंत्रमागवाले, दुकानदार, मौलवी, शिक्षक एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांत बसलेल्या लोकांना १९८४ चे मृत चांगले आठवत होते. दगड नव्हता, तरी ती आठवण त्या दिवसांत कामाला आली. तरीसुद्धा एखाद्या दिवशी या गावाने ती सर्व नावे एका भिंतीवर, वर्णानुक्रमे, एकाच मापाच्या अक्षरांत लिहावीत, ही आमची इच्छा आहे.

आता आपल्या अर्जाकडे येऊ. निर्णय मंडळ घेईल, पण आमचे मत आम्ही झाकून ठेवत नाही. पैसे घेऊन कबर कायमची देण्याच्या आम्ही विरुद्ध आहोत. ज्या आईचा मुलगा गोदामात हमाली करतो तिची कबर काही वर्षांनी उघडायची आणि ज्या आईचा मुलगा दुबईला आहे तिची कधीच नाही, असे आपल्या फाटकाच्या आत तरी होऊ नये. सैनिकांना कायमची कबर मिळते, मग आम्हांला का नाही, असे एकाने विचारले. त्याला आमचे उत्तर असे की, त्यांना ती मिळाली कारण ती सर्वांना मिळणार होती, आणि जिथे ती सर्वांना मिळाली नाही तिथे शंभर वर्षांनी माफी मागावी लागली. आपल्याला सर्वांना कायमची कबर देणे शक्य नाही. नाव सर्वांना देणे शक्य आहे.

धर्मशास्त्राच्या ११८२ व्या नियमाप्रमाणे प्रत्येक दफनाची नोंद मृतांच्या नोंदवहीत करावी लागते. कबर उघडली तरी वही उघडी राहते. सिमेट्रीच्या मागच्या भिंतीवर या वहीतली सारी नावे सालवार लावावीत, सर्व अक्षरे एका मापाची असावीत, आणि भिंतीसाठी कोणी किती देणगी दिली हे कुठेही लिहू नये, असा प्रस्ताव आम्ही मांडणार आहोत. जुन्या वहीत काही नोंदी अर्धवट आहेत. कुठे फक्त पाळण्यातले नाव आहे, कुठे नुसतेच ‘परगावचा मजूर’. वडीलधाऱ्या मंडळींना त्यांतल्या कोणाची आठवण असेल तर कृपया कार्यालयात येऊन सांगावे. वही पाहायला मिळेल. ज्यांचे आप्त दुसऱ्या गावी पुरलेले आहेत त्यांनीही नावे द्यावीत, ती २ नोव्हेंबरच्या मिस्सात वाचली जातील. ज्या नोंदींत नातेवाइकांचा रकाना रिकामा आहे ती नावे कोणी वाचायची, हे बैठकीत ठरवू. युवक मंडळाने तयारी दाखवली आहे, पण आम्हांला वाटते की ती अर्ज केलेल्या कुटुंबांनी वाचावीत. बैठक येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आहे.

तुमचे धर्मगुरू